बाकावर चढलेले नाना

परवा धुळ्यात देवीच्या जत्रेत उकळत्या साखरेच्या पाकाचा वास आला आणि मी थेट म्युनिकच्या ऑक्टोबरफेस्टमध्ये, तिथल्या बिअरच्या उत्सवात, पोचले. तिथेही साखरेत परतलेल्या बदामांचा असाच वास दरवळत होता.

आई गेल्यावर मी नानांना, म्हणजे माझ्या वडिलांना, महिनाभर माझ्याकडे जर्मनीत नेलं होतं. एरंडोलजवळच्या गावातून आलेले नाना तिथे फारसे बोलतच नव्हते. बिअरच्या त्या अवाढव्य तंबूत पांढरी टोपी घालून ते लिंबूसरबत पीत बसले होते. एवढ्यात बँड दणाणला आणि सगळा तंबू बाकांवर चढून डोलू लागला. समोरच्या, टोपीत पीस खोवलेल्या आजोबांनी नानांपुढे हात केला.

"नाना, पडाल! बसा खाली," मी दटावलं.

"बठ्ठा चढनात ना वं पोरी! हाई ते आपली जत्रा शे!"

सगळेच चढलेत, ही तर आपलीच जत्रा, असं म्हणत नाना चढलेच! त्या आजोबांच्या खांद्यावर हात टाकून, एक शब्दही न कळणारं गाणं ते खच्चून गाऊ लागले. मी लाजून त्यांचा स्वेटर ओढत होते, "लोक बघतायत" म्हणत होते.

आई गेल्यानंतर नाना पहिल्यांदाच हसत होते, आणि मी त्यांना खाली बसवायला निघाले होते.