डाव्या पायाचं माप

आमचा कुत्रा लंगडायला लागला त्या दिवसांत माझ्याकडे शाळेच्या गणवेशांचं काम होतं, म्हणून सुरुवातीला मी त्याच्याकडे नीट लक्षच दिलं नाही. तो माझ्या मशीनशेजारी झोपायचा. एका सकाळी उठला, डावा मागचा पाय वर धरून तीन पायांवर दाराशी गेला आणि मग हळूहळू पाय टेकवायला लागला. पाय अवघडला असेल, असं म्हणून मी पुढची चड्डी शिवायला घेतली.

जळगावात आमचं घर छोटं आहे. खाली दोन खोल्या, आणि वरच्या खोलीत माझं शिवणकाम. हा कुत्रा मुळात आमच्या गल्लीतल्या एका केळीच्या व्यापाऱ्याचा. ते कुटुंब सुरतेला फ्लॅटमध्ये राहायला गेलं, तेव्हा वर्षाच्या ह्या धिप्पाड पोराला आम्ही ठेवून घेतलं. कुठल्या जातीचा ते कुणालाच धड सांगता यायचं नाही. भंगारवाल्याच्या काट्यावर एकदा वजन केलं तर बेचाळीस किलो भरला. आवाज असा, की नवीन गिऱ्हाईक जिन्यातूनच परत फिरायचं. पण वर येऊन बसलेल्या बायकांच्या पायावर तोच डोकं ठेवून झोपायचा.

आठवड्याभरात रोज सकाळी तेच व्हायला लागलं. मग आम्ही त्याला जनावरांच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टर वयस्कर, बोलायला चांगले. त्यांनी पाय दाबून पाहिला, पंजात काटा आहे का बघितलं. "मुरगळलंय," म्हणाले. दहा दिवस गोळ्या, फिरणं बंद. गोळ्या चालू होत्या तोवर तो बरा होता. संपल्या आणि चौथ्या दिवशी पुन्हा तीन पायांवर.

दुसऱ्यांदा कॅल्शियमचं औषध मिळालं. शेजारच्या आजींनी हळद आणि तेलाचा लेप सांगितला, तोही लावला. सगळ्या घरभर पिवळे ठसे उमटले, पाय होता तसाच राहिला. गणपतीच्या सुमारास डॉक्टरांनी एक्स-रे काढायला सांगितला. फोटो प्रकाशासमोर धरून ते मला दाखवत होते. "खुब्याचे सांधे बघा. खोबणी उथळ आहेत. मोठ्या कुत्र्यांत हे जन्मापासून असतं. वजन कमी करा, दुखलं की गोळी द्या. ह्यावर दुसरं काही करता येत नाही."

निदान मिळालं म्हणून मला बरंच वाटलं होतं. भाकरी कमी केली, भोपळा वाढवला. वजन तीन किलोने उतरलं. पण लंगडणं उतरलं नाही. वर गोळ्यांनी त्याला काळी शी व्हायला लागली, तेव्हा डॉक्टरांना विचारून त्या बंद केल्या. दिवाळीपर्यंत त्याने जिना चढणं सोडलं. खाली पहिल्या पायरीशी बसून वर बघत राहायचा. मशीन थांबलं की एकदाच भुंकायचा.

"सहा वर्षांचा झालाय," माझे यजमान म्हणाले. "माणसांचेसुद्धा सांधे जातात. आता आहे तसं चालवून घ्यायचं."

मला ते पटलं नव्हतं. डॉक्टरांनी दाखवलेला फोटो माझ्या डोक्यातून जात नव्हता. त्यात दोन्ही खुबे सारखेच दिसत होते. सारखेच बिघडले असतील तर एकच पाय का लंगडतो? मी बावीस वर्षं कपडे शिवते आहे. दोन्ही बाह्या एका मापाने कापल्या आणि अंगात घातल्यावर एकच ओढत असेल, तर मी दोन्ही बाह्यांना दोष देत नाही. त्या एका बाजूला काय झालंय ते शोधते.

तेव्हा माझ्याकडे काज-बटण करायला एक बाई यायच्या. अमळनेरकडच्या खेड्यातल्या, बोलणं सगळं अहिराणी. उन्हासाठी त्या खाली ओट्यावर बसून काम करायच्या आणि कुत्रा त्यांच्या समोर. एका दुपारी त्यांनी हाक मारून मला खाली बोलावलं.

"ताई, हाऊ कसा बठस ते देखा. डावा पाय बाहेर काढी ठेवस. गुडघा दुमडतच नही."

मी पाहिलं. खरंच, उजवा पाय त्याने नीट अंगाखाली घेतला होता आणि डावा बाजूला पसरून ठेवला होता, जसा गुडघा दुखणारा माणूस पंगतीत एक पाय लांब करून बसतो. इतके महिने तो माझ्यासमोर असाच बसत असणार. मला ते दिसलं नव्हतं.

"याले कवयपासून असं शे?" त्यांनी विचारलं. कधीपासून ते आठवत मी त्याच्याजवळ बसले.

गळ्यात टेप होताच. मी त्याला उभं केलं आणि दोन्ही मांड्यांचा घेर मोजला. उजवी सतरा इंच, डावी पंधराला थोडी कमी. दुखरा पाय माणूसही कमी वापरतो, त्यामुळे मांडी बारीक होणार हे मला कळत होतं. मग गुडघे मोजले. तिथे उलटं निघालं. डावा गुडघा उजव्यापेक्षा पाऊण इंच जाड. बोटांनी चाचपलं तर आतल्या बाजूला टणक उंचवटा लागला, उजव्या गुडघ्याला तो नव्हता.

एका मापावर मी कापड कापत नाही. गिऱ्हाइकांच्या मापांच्या वहीत त्याच्यासाठी एक पान घेतलं आणि पुढचे आठ दिवस रोज सकाळी मोजलं. यजमान आधी हसले. "ह्याला काय सलवार शिवतेस का?" तिसऱ्या दिवशी कुत्रा हलतोय म्हणून माप चुकतंय असं दिसल्यावर तेच खाली बसले आणि त्याचं डोकं मांडीवर घेऊन धरून ठेवायला लागले. आठही दिवस आकडे जवळपास तेच आले. किती वेळ बसल्यावर लंगडतो, चालल्यावर कमी होतं की वाढतं, तेही मी बाजूला लिहीत गेले.

वही घेऊन मी डॉक्टरांकडे गेले. त्यांनी पान वाचलं, चष्मा काढला. "गुडघा जाड आहे खरा. पण फोटोत खुबाच दिसतोय ना."

"डॉक्टर, खुबे दोन्ही सारखे आहेत. गुडघे सारखे नाहीत."

त्यांनी वही मिटली. त्यांना राग आला असेल असं वाटून मी खाली बघत राहिले. पण ते म्हणाले, "माझा हात गाई-म्हशींवर बसलेला आहे. कुत्र्याच्या सांध्यांचं काम करणाऱ्या एक डॉक्टर धुळ्यात आहेत. त्यांना दाखवा. ही वही बरोबर न्या."

बेचाळीसवरून एकोणचाळीसवर आला तरी एवढा कुत्रा बसमध्ये कोण घेणार? यजमानांच्या ओळखीचा एक टेम्पोवाला केळी पोचवून रिकामा धुळ्याकडे जाणार होता. मागे केळीची पानं अंथरलेलीच होती, त्यावर आम्ही गोधडी टाकली. कुत्रा चढेना. शेवटी पोटाखालून जुनी चादर घालून आम्ही दोघांनी त्याला उचलला. एरंडोल, पारोळा असं करत मी मागे त्याच्याजवळ बसूनच गेले. प्रत्येक खड्ड्याला तो माझ्याकडे बघायचा आणि मी त्याला सांगत होते, आता थोडंच राहिलं.

धुळ्याच्या डॉक्टर माझ्याहून लहान होत्या. त्यांनी कुत्र्याला हात लावला नाही. आधी बाहेर फरशीवर त्याला चालवायला सांगितलं, जाताना, येताना, वळताना. मग बसवला. मग वही मागितली आणि पूर्ण पान वाचलं.

"हे कुणी मोजलं?"

"मी. शिवणकाम करते."

"बरं केलंत."

त्यांनी गुडघा हातात घेतला तसा कुत्रा ताठ झाला आणि गुरगुरला. दोनदा प्रयत्न करून त्या थांबल्या. "तो स्नायू आवळून धरतोय, असं काही कळणार नाही. भूल देऊन बघावं लागेल." यजमान माझ्याकडे बघायला लागले. भूल म्हटल्यावर त्यांचा चेहरा उतरला होता. पण मी हो म्हणाले. इथवर येऊन न बघता परत जाणं मला शक्य नव्हतं.

तो गाढ झोपल्यावर डॉक्टरांनी मला टेबलाजवळ बोलावलं. आधी त्याच्या चांगल्या पायावर माझा हात ठेवला. एका हातात मांडीचं हाड, दुसऱ्या हातात नडगी. "आता नडगी पुढे ढकला." मी ढकलली. काही हललं नाही. मग डावा पाय दिला. ह्या वेळी नडगी माझ्या हातात पुढे सरकली, ड्रॉवर उघडावा तशी. मी घाबरून हात काढून घेतला.

"हे सरकायला नको," त्या म्हणाल्या. "दोन हाडांना धरून ठेवणारी आतली दोरी तुटली आहे. आधी अर्धवट तुटली असेल, मग हळूहळू पूर्ण. म्हणून गोळ्यांनी बरं वाटायचं आणि पुन्हा सुरू व्हायचं. तो उंचवटा म्हणजे शरीराने स्वतःच सांधा धरून ठेवायचा केलेला प्रयत्न."

"आणि खुबे?"

"फोटोत दिसतं ते खोटं नाही. पण तो लंगडतोय गुडघ्यामुळे."

सहा महिने मी ज्याच्या मागे होते ते मला हाताने कळलं होतं. आनंद झाला म्हणणं बरोबर नाही, कारण तो तिथे जीभ बाहेर टाकून पडलेला होता. पण आता काय करायचं ते ठरवता येत होतं.

ऑपरेशन पंधरा दिवसांनी त्यांनीच केलं. सांध्याच्या बाहेरून जाड नायलॉनचा दोरा घालून हाडं बांधायची, असं त्यांनी सांगितलं तेव्हा मी गाठ कशी मारणार ते विचारलं. त्या हसल्या नाहीत. कागदावर काढून दाखवलं. एवढ्या वजनाच्या कुत्र्यात दोरा ढिला पडू शकतो, पुढेमागे दुसऱ्या गुडघ्यातही हेच होऊ शकतं, हेही त्यांनी लपवलं नाही. "माझं काम तासाभराचं. तुमचं तीन महिन्यांचं. उडी नाही, पळणं नाही, जिना तर नाहीच."

धुळ्याला माझी नणंद राहते. टाके निघेपर्यंत आम्ही तिच्याकडे राहिलो. ती कुत्र्यांना भिते, तरी तिने पुढची खोली आम्हाला दिली आणि दारातूनच विचारायची, "वहिनी, जेवला का तो?"

घरी आल्यावर मी मशीन खाली आणलं. तो खाली एकटा राहिला असता तर जिना चढायला गेला असता, हे मला ठाऊक होतं. पुढच्या खोलीत मशीन, कापडं आणि कुत्रा. गिऱ्हाइकांना मापं द्यायला स्वयंपाकघरात उभं राहावं लागायचं. काहींनी तोंड वाकडं केलं, एक-दोघी दुसरीकडे गेल्या. सकाळ-संध्याकाळ पट्टा बांधून आधी पाच मिनिटं, मग दहा, मग पंधरा. मांजर दिसलं की तो ओढायचा आणि मी पट्टा हाताला गुंडाळून जागीच उभी राहायचे. यजमानांनी दाराला लाकडी फळी ठोकली आणि कामावरून आल्यावर त्याचा पाय डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे वाकवायचं, सरळ करायचं काम स्वतःकडे घेतलं. मला त्यात हात घालू देत नसत.

होळीपर्यंत तो चारही पाय टेकवून चालायला लागला. थंडीच्या सकाळी अजून पहिली काही पावलं आखडतो. पण पाय वर धरत नाही.

एप्रिलमध्ये जळगावचे ते डॉक्टर एका संध्याकाळी स्वतःहून घरी आले. चहा नको म्हणाले. पँट वर ओढून फरशीवर मांडी घालून बसले आणि कुत्र्याला जवळ बोलावलं. त्याने त्यांना हुंगलं आणि उभा राहिला. त्यांनी दोन्ही गुडघे हातांत घेतले, बराच वेळ चाचपले, मग मी त्यांना फोनवर सांगितलेला तो ड्रॉवरसारखा सरकण्याचा प्रकार नेमका कसा कळतो ते विचारलं. मी माझ्या हातांनी हवेत करून दाखवलं. त्यांनी तसंच करून पाहिलं.

"मी फोटोच बघत राहिलो," ते म्हणाले. "माझ्याकडे अजून एक कुत्री येते. गेलं वर्षभर तिला खुब्याच्याच गोळ्या देतोय."

"ती कशी बसते?" मी विचारलं.

ते उठले, गुडघ्यावरची धूळ झटकली. "ते मी पाहिलेलंच नाही," म्हणाले. "उद्या सकाळी तिच्या घरीच जातो."