राहिलेला कान

साल १९६८. मी एकोणतीस वर्षांचा. शाळा चौथीपर्यंत, पण दगडापुढं मी कुणाचं ऐकत नसे. अजूनही ऐकत नाही.

आमचे पूर्वज म्हैसूरच्या फौजेतले. माझ्या वडिलांनी, अप्पांनी, मात्र तलवार देवघरात ठेवून छिन्नी धरली, देवांच्या मूर्ती घडवल्या. मी त्यांच्याच हाताखाली शिकलो.

आई गेली आणि मी काळ्या दगडात तिला करायला बसलो. चुलीपुढं बसलेली. आधी नाक, डोळे, बांगड्या, सगळं केलं. पण ती आई वाटेना. मग एकेक काढत गेलो. डोळे गेले, बोटं गेली, लुगड्याच्या चुण्या गेल्या. दोन वर्षं. दुपारच्या उन्हात धूळ तरंगायची आणि वाटायचं, मी कुठं घडवतोय, तीच आत अंग चोरून घेतेय.

अप्पा म्हणाले, "डोळ्यांशिवाय मूर्ती होत नाही. दसऱ्यापर्यंत डोळे कोर, नाहीतर तुझी हत्यारं माझ्या पडवीतून उचल."

"नाही कोरणार."

"मग यंदा पूजेतही तुझ्या छिन्न्या नकोत."

खंडेनवमीला आमच्यात तलवार, छिन्न्या, पाटा-वरवंटा, सगळ्यांना कुंकू लागतं. त्या दिवशी हत्यार चालवायचं नाही. माझ्या छिन्न्या कोपऱ्यात पडून. अप्पांना मोतीबिंदू. चाचपत कुंकू लावत पडवीत आले आणि हात माझ्या दगडावर पडला.

"वरवंटा इथं कुणी आणून ठेवला?"

धाकटी बहीण फिसकन हसली. मी जागच्या जागी जळालो.

पण अप्पांचं कुंकवाचं बोट तसंच राहिलं. तळवा मानेवरून पाठीवर उतरला, पुन्हा वर गेला.

"अरे... ही फुंकणी घेऊन वाकलीय."

फुंकणी मी वर्षापूर्वीच काढून टाकली होती.

ते दगडाशी खाली बसले, हात फिरवत राहिले. झेंडूचा वास, उन्हात धूळ. मग बोट एका जागी अडलं.

"हे काय?"

"कान." निदान कानावरून तरी कुणी ओळखेल, या आशेनं तेवढा ठेवला होता.

"कशाला? माझं कधी ऐकलं का तिनं? सुम्ने ठेवलास, उगाच." मग कुंकवाची वाटी पुढं ओढत म्हणाले, "आण तुझ्या छिन्न्या. कुंकू वाळायला लागलंय."

दुसऱ्या दिवशी सकाळी अख्खी गल्ली दसऱ्याच्या मिरवणुकीतले हत्ती बघायला, जागा धरायला निघाली. अप्पांनी पूजा हलवून हत्यारं मोकळी केली. मी कुंकू न पुसता बारीक छिन्नी उचलली आणि कान काढून टाकला.