पाटावरची सुपारी

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. मध्येच हसलात तर मी सांगायचा थांबेन. माणसाच्या हातून चुका होतात, मान्य आहे. कुणी भलत्याच बसमध्ये चढतं, कुणी भलत्याच लग्नात जेवून येतं. पण भरल्या घरात, भर पूजेत, स्वतःची बायको अडकित्त्यानं फोडून चौघांत वाटून खाल्लेला माणूस कधी पाहिलाय का तुम्ही? बघून घ्या. तुमच्या समोर बसून चहा पितोय.

थांबा, पोलिसांना फोन नका करू! पहिल्यापासून सांगतो.

मी परभणी जिल्ह्यातला. चारठाण्याच्या अलीकडं आमचं गाव. तीन वर्षं झाली, व्हिएतनाममध्ये दा नांग शहरात लहान मुलांना इंग्रजी शिकवतो. म्हणजे मराठवाड्यातला माणूस व्हिएतनामच्या पोरांना अमेरिकन पुस्तकातून इंग्रजी शिकवतो. गावात अजून कुणाला याचा उलगडा झालेला नाही. आईचे थोरले भाऊ नामदेवमामा गंगाखेडला असतात. ते दर सुट्टीत विचारतातच.

"गजा, तितं इंग्रज हायत का?"

"नाहीत, मामा."

"मग इंग्रजी बोलायची कुणासंगं?"



तर यंदा मी दहा दिवसांची रजा काढून आलो होतो ते एकाच कामाला. आईला घेऊन जायचं! बायकोला, शुभांगीला, सातवा महिना. डॉक्टरांनी विमानाला साफ नाही म्हटलेलं. परका मुलूख, शेजारणीशी बोलायचं तर हातवारे. शुभांगी कधी काही मागणारी बाई नाही, पण मी निघताना दारात उभी राहून म्हणाली, "अहो, आईंना आणाच. मला भीती वाटते." ते वाक्य मी अख्ख्या प्रवासात उराशी धरून आलो होतो.

आणि आई तयारच होईना! "माझ्या शेळ्या कोण बगंल?" इथून सुरुवात, ते "इमान ढगात अडकलं तर?" इथपर्यंत. मी समजावून समजावून बेजार झालो. शेवटी तिनं अट घातली. वडील नवं घर बांधून वर्षाच्या आत गेले, त्यामुळे घराची वास्तुशांत राहून गेली होती.

"आदी वास्तुशांत कर. बिनइघ्नाची झाली तर येते तुझ्यासंगं. इघ्न आलं तर समज, देवाच्या मनात न्हाई. मग मला पुना इचारायचं न्हाई."

पूजा शनिवारी, विमान सोमवारी. आता कळलं ना, मी त्या पाटावर जीव मुठीत धरून का बसलो होतो?

सकाळी साडेआठला पूजा सुरू झाली. मी सोवळ्यात, उघड्या अंगावर उपरणं. शेजारच्या पाटावर बायको, म्हणजे फोन. तांब्याला टेकवून उभा केलेला, त्यात शुभांगी डोक्यावर पदर घेऊन बसलेली. आयाबायांनी फोनला कुंकू लावलं. शुभांगीच्या कपाळावर नेमकं बसावं म्हणून एकीनं तिला मान वाकडी करायला लावली.

गुरुजी म्हणाले, "बघायला चालेल हो, पण संकल्पाला फोन चालत नाही."

"मग?"

"बघू, वेळ आली की करू काहीतरी."

हे 'काहीतरी' मी नीट ऐकलं असतं तर! पण तेवढ्यात आमच्या क्लासच्या मॅनेजरबाईंचा निरोप फोनवर आला. माझ्या जागी येणाऱ्या शिक्षकाची गाडी बंद पडलेली, मुलं वर्गात, आईबाप बाहेर, फक्त वीस मिनिटं ऑनलाइन सांभाळा. मी पडलो भिडस्त. परदेशातली नोकरी ही अशीच असते बघा, इथं माणूस पाटावर बसला तरी तिचा हात मानगुटीवरून निघत नाही. गुरुजींना हात जोडले, शुभांगीचा फोन कापला आणि तसाच गोठ्याकडं पळालो.

तिकडची पोरं मला उघडाबंब बघून खूश! "टीचर, तुमची आंघोळ चाललीय का?" मी त्यांना आईच्या तिन्ही शेळ्या दाखवल्या, शेळीची शिंगं, कान, शेपूट इंग्रजीत म्हणवून घेतली आणि वीस मिनिटं कशीबशी काढली.

इकडं काय झालं होतं? मी उठल्यावर बायकोचा पाट रिकामा पडला. गुरुजींनी त्यावर विड्याची दोन पानं मांडली, पानांवर सुपारी ठेवली, मंत्र म्हणून तिच्यात शुभांगीचं आवाहन केलं. आईनं सुपारीला हळद-कुंकू वाहिलं. बायको हजर नसली की तिच्या जागी सुपारी ठेवतात, हे आपल्याकडं शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. मलाही होतं! पण ठेवताना मी गोठ्यात. आणि सांगितलं कुणीच नाही. आईला वाटलं गुरुजी सांगतील, गुरुजींना वाटलं, शिकलेला माणूस आहे.

परत येऊन बसलो, संकल्प झाला. मग गुरुजी होमाच्या विटा मांडायला अंगणात गेले, त्यांच्या मागं आई गेली. बाया सैपाकाला लागल्या. खोलीत मी, मागं सतरंजीवर मामा आणि मामांच्या दोन बाजूंना दोन शेजारी. जाताना गुरुजी बजावून गेले, "यजमान, पाटावरून हलायचं नाही."

नाही हलायचं तर नाही. विघ्न येता कामा नये!

दोन मिनिटांनी मागून दबका आवाज आला.

"गजा, सुपारी हाय का रं? बटवा खाली झालाय माझा. सकाळधरनं तोंडात काई न्हाई."

मी समोर पाहिलं. तांदळाच्या राशींवर सुपाऱ्याच सुपाऱ्या! हा गणपती, हे नवग्रह. यांना हात लावायचा नाही एवढं ज्ञान मला होतं आणि त्याचा थोडा अभिमानही होता. मग शेजारी पाहिलं. रिकाम्या पाटावर, पानावर, एक चांगली गरगरीत सुपारी उगीच पडलेली.

"ही घ्या की, मामा!"

"पूजेची न्हाई ना?"

"छे हो, अशीच पडलीय."

"कुंकू लागलंय रं हिला."

"आज कशाला लागलं नाहीये? पाण्याच्या मोटारीच्या स्टार्टरलापण लावलंय आईनं."

मामांना ते पटलं. त्यांनी अडकित्ता काढला आणि कट्ट! मी वर व्याख्यानही द्यायला लागलो, "व्हिएतनाममध्ये लग्नाच्या बोलणीला पानसुपारीचा मान असतो, मामा. आपल्यासारखंच अगदी." मास्तर आहे ना मी. तोंड गप्प राहत नाही. चार तुकडे झाले. मामा, दोन्ही शेजारी आणि चौथा तुकडा मामांनी प्रेमानं माझ्या हातावर ठेवला. मी तो गालात धरला. बरं वाटलं हो. पूजा कशी छान, शांतपणे चाललीय, असंही मनात आलं.

गुरुजी आत आले. बसले. पाटाकडं बघून थबकले.

"यजमान, सौभाग्यवती कुठं आहेत?"

"दा नांगला."

"त्या नव्हे. पाटावरच्या."

"पाटावर कोण होतं?"

"सुपारी होती ना! आवाहन केलंय मी."

गालातला तुकडा सरळ घशात गेला. मागं मामांचं चघळणं थांबलं. मी हळूच वळून पाहिलं, मामांनी माझ्याकडं पाहिलं, आणि दोन्ही शेजाऱ्यांनी एकदम छताकडं पाहिलं.

खरं सांगून टाकायला हवं होतं. पण दारात आई उभी! एक शब्द काढला की विघ्न, आणि विघ्न म्हणजे शुभांगी बाळंतपणात एकटी. मी म्हणालो, "घरंगळली असेल कुठंतरी."

झालं! अख्खं घर शोधाला लागलं. सतरंजी झटकली, समई उचलली, बाया कोपऱ्याकोपऱ्यात केरसुणी फिरवायला लागल्या. मलाही शोधावं लागत होतं, त्याला इलाज नव्हता. पोटात असलेली वस्तू मी तांब्याखाली बघत होतो.

"सापडंना मंजे?" आईचा चेहरा उतरला. "फोन लाव शुभांगीला."

लावला. रिंग गेली, उचलला नाही. पुन्हा लावला. नाही.

"झोपली असेल, आई. तिकडं दुपारी सगळं गाव झोपतं."

"सकाळी साडेधाला?"

"तिथं बारा वाजलेत."

"पूजा सोडून झोपती का ती? मला येडी समजतो का?"

तिसऱ्यांदा, चौथ्यांदा, दहाव्यांदा. एक शेजारीण हळूच म्हणाली, "सुपारीबी गायब, न् फोनबी उचलंना." आई भिंतीला धरून खाली बसली.

आणि खरं सांगू? मी शिकलेला माणूस, चार देशांच्या लोकांबरोबर काम करणारा. मला माहीत होतं, ती सुपारी आहे, झाडाचं फळ आहे. पण विसाव्या रिंगला माझं शहाणपण पातळ झालं. आमच्या घराचा जिना डोळ्यांपुढं आला, ओली फरशी आली, सातवा महिना आला. मी मनात म्हणत होतो, उचल गं बाई, एकदा उचल.

घाबरलेला माणूस आणखी मोठा गाढवपणा करतो. मी पूजेच्या पिशवीतली दुसरी सुपारी मुठीत घेतली, पाटाखाली हात घातला आणि ओरडलो, "सापडली! सापडली!"

आईनं ती हातात घेतली. उलटून पाहिली.

"ही ती न्हाई."

"तीच आहे, आई."

"तिला मी हळद-कुंकू वाह्यलं होतं. ही कोरी हाय." आईनं मान वर केली. तिची नजर माझ्यावरून सरकत सरकत मामांवर गेली आणि तिथंच थांबली. "दादा, तुमच्या मिशीला कुंकू कशाचं?"

मामांनी मिशीवर हात फिरवला, बोट पाहिलं. आणि सख्ख्या भाच्याला एका क्षणात विकलं!

"तुझ्या पोरानं दिली! मी इचारलं होतं, पूजेची न्हाई ना मनून. ह्यो मनला, अशीच पडलीय. ह्यानंबी खाल्ली की!"

चुलीवरचं पुरण कुणीतरी उतरवलं.

"खरं हाय?" आईनं मला विचारलं.

"हो," मी म्हणालो. "चुकलं माझं. मला ठाऊक नव्हतं. तू यावंस म्हणून लपवलं." आणि तुम्हाला काय सांगू, चाळिशीला आलेला बाप्या मी, माझा आवाज फुटला.

तेवढ्यात हातातला फोन वाजला. शुभांगी!

"अहो, काय झालं? एवढे फोन? आई बऱ्या आहेत ना?"

"तू कुठं होतीस?" मी जवळजवळ किंचाळलोच.

"झोपले होते. तुम्ही फोन कापलात, परत लावलाच नाही. म्हटलं आता होम झाल्यावरच लावतील. म्हणून आवाज बंद करून पडले जरा."

आईनं फोन माझ्या हातातून ओढून घेतला. "बाई, बरी हायस ना तू? हातपाय, डोकं, पोट? बाळ हलायलंय ना?"

"सगळं बरं आहे, आई. पण झालं काय?"

आईनं सांगितलं. एकही तपशील न गाळता. फोनचा आवाज मोठा होता, त्यामुळे सगळ्या घरानं ऐकलं.

मग शुभांगी म्हणाली, "चार तुकडे केले माझे?"

"मामांनी केले," मी म्हणालो.

"दिली कुणी?"

मी तांब्या सरळ करायला लागलो. गुरुजींनी पंचा तोंडाला लावला होता, खांदे हलत होते त्यांचे. शेवटी घसा खाकरून ते म्हणाले, "काळजी करू नका. क्षमा मागू, नवी सुपारी मांडू. होमाची वेळ अजून गेलेली नाही."

नवी सुपारी निघाली. गुरुजी ती पाटावर ठेवायला गेले तर आईनं त्यांचा हात धरला, सुपारी काढून घेतली आणि आपल्या मुठीत गच्च धरून माझ्या शेजारी बसली. मी हिय्या करून विचारलं,

"आई, मग सोमवारचं कसं? विघ्न तर आलं."

"आलं की. बसलंय न्हवं पाटावर, सोवळं नेसून."

सगळे हसले. मी सोडून.

"म्हणजे तू येणार नाहीस?"

आईनं माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही. तिनं फोन जवळ घेतला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं खणखणीत सांगितलं,

"शुभांगी, खरं सांगते, पूजा कशीबी झाली असती तरी मी येणार न्हवते. काईतरी निमित काढून ऱ्हायलेच असते. पर आता येते, माय. ज्याला एक सुपारी घटकाभर सांबाळता आली न्हाई, त्याच्या भरवशावर तुला न् बाळाला कशी सोडू?"