कपाटातून येणारे आबा

१ जून १९३४ रोजी लोणावळ्यातले घर मी दरमहा सात रुपये भाड्याने घेतले. दोन महिन्यांचे आगाऊ चौदा रुपये मोजून दिले तेव्हा हजर माणसे चार होती: घरमालक, मी, माझी बायको आणि कोणीही न बोलावलेले एक म्हातारे गृहस्थ. दिवसभर चालणारा आणि तरीही कुठेच न जाणारा असा दुसरा माणूस मी पाहिलेला नाही. पण त्या दिवशी ते नुसते ओट्यावर बसून होते. मालकाने पावती लिहिली, मी ती दोनदा वाचली, आणि मग त्या म्हाताऱ्या गृहस्थांनी मला विचारले, "भाऊ, झोप कशी हाय तुमची? हलकी का गाढ?" मी म्हणालो, मध्यम. "मंग जमंल," असे म्हणून ते उठून गेले. काय जमेल ते मला समजले नाही. मालकाकडे पाहिले, तर तो पैसे पुन्हा मोजत होता.

आमची सात घरांची एक लांब ओळ होती आणि त्यात आमचे घर चौथे. पूर्वी तिथे रेल्वेच्या कामाचे सामान ठेवायची एकच कोठी होती म्हणतात. मालकाने मध्ये सहा भिंती घालून सात बिऱ्हाडे केली. आमच्या मधल्या खोलीत डाव्या आणि उजव्या भिंतीत समोरासमोर दोन बुटकी दारे होती. मी ती ओढून पाहिली, उघडली नाहीत. मालकाची बंद कपाटे असतील असे धरून मी सामानाच्या यादीत 'कपाटे दोन, वापरास नाहीत' असे लिहून ठेवले. बायकोचे त्याकडे लक्षच नव्हते. मी लाकडाच्या वखारीत हिशेबनीस. वखारीच्या शाखा बऱ्याच, त्यामुळे सोळा वर्षांत आमचे हे सातवे घर. ती सामान लावता लावता म्हणाली, "शेजारणीचं नाव पाठ होईपर्यंत आपली बदली येते. ह्या वेळी घर गळकं असलं तरी चालेल, पण मला शेजार हवा."

जूनच्या तिसऱ्या आठवड्यात एका सकाळी मी दाढी करत असताना उजव्या हाताचे कपाट उघडले आणि त्यातून ते ओट्यावरचे म्हातारे गृहस्थ बाहेर आले. हातात फडक्यात बांधलेली भाकरी होती. खोलीच्या मध्यावर आल्यावर त्यांनी माझ्या टेबलावर दोनदा टकटक केले, म्हणाले, "येऊ का?" आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहून, "पाच मिन्टं मागं हाय," असे सांगून डाव्या हाताच्या कपाटात शिरले. कपाट लागले. माझ्या अर्ध्या गालाला साबण तसाच होता. बायकोने स्वयंपाकघरातून विचारले, "कोण आलं होतं?" मी म्हणालो, "आले नव्हते. गेले."

उलगडा व्हायला दोन दिवस लागले. लोणावळ्याचा पाऊस सुरू झाला की ह्या ओळीत दसऱ्यापर्यंत पुढच्या दाराने कोणी जात-येत नसे. भिंतींतली सहाही दारे उघडत आणि सात घरांचे एकच घर होई. हे आम्हाला कोणी सांगितले नाही, कारण हे सांगावे लागते असे कोणाच्या डोक्यातच आले नाही.

ते म्हातारे गृहस्थ म्हणजे आबा. ते सातव्या घरात राहत. गाव बेडसे, पण उमेदीची वर्षे सगळी घाटात रेल्वेचे सांधे बदलण्यात गेलेली. ओळीच्या दुसऱ्या टोकाला, पहिल्या घरात, त्यांची थोरली बहीण आक्का अंथरुणाला खिळलेली होती. एकत्र का राहत नाही, असे मी विचारले तेव्हा म्हणाले, "तिला माझं घोरणं सोसत न्हाई, मला तिचं बोलणं." पण तिची भाकरी, तिचे औषध, तिचे पाणी, सगळे आबाच नेत. ते नेण्यासाठी त्यांनी ओळीची रेल्वे करून टाकली होती. स्वतःचे घर लोणावळा, मग मळवली, कामशेत; आमचे वडगाव; पुढे तळेगाव, देहू आणि आक्काचे चिंचवड. माझ्या बायकोला सगळे 'वडगावच्या वहिनी' म्हणू लागले ते त्यांच्यामुळे. जाता-येता ते मालही वाहत. देहूची चटणी मळवलीला, कामशेतचा विस्तव तळेगावला. एकदा कामशेतचे सहा महिन्यांचे मूल मळवलीहून घरी पोचवायचे होते, ते आमच्या मांडीवर ठेवून ते पुढे गेले. तासाभराने आई शोधत आली तेव्हा आबा परतीच्या फेरीत होते. म्हणाले, "एक ठेसन फुडं गेलं. हुतंय मालगाडीत."

एका रविवारी मी फेऱ्या मोजल्या. आमच्या मधल्या खोलीतून एकूण एकतीस, पैकी आबांच्या चौदा. पावसाळ्यात वखारीच्या वह्या मी घरीच लिहीत असे, आणि मला जमाखर्च शांतपणे लिहायची सवय. मी त्यांना म्हणालो, "आबा, येण्याजाण्याची काही वेळ ठरवा." ते चकित झाले. "ठरीवली हाय की. सहाची, सव्वासाची, साडेसातची..." असे त्यांनी चौदाही आकडे म्हणून दाखवले. मी एवढेच म्हणालो की जरा जास्तच होतात. ते घड्याळाकडे पाहून पुढच्या फेरीला निघाले.

सोमवारी कोणाचीच फेरी आली नाही. मंगळवारीही नाही. पहिल्या दिवशी मी सबंध महिन्याची बाकी काढली आणि मला फार बरे वाटले. दुसऱ्या दिवशी कान दाराकडे लागले. बायको दोन्ही दारांकडे आळीपाळीने पाहत होती. "तुम्ही काहीतरी बोललात," ती म्हणाली. मी जे बोललो ते शब्दशः सांगितले. "झालं तर मग," ती म्हणाली, "आठवं घर बघायला लागा." त्यानंतर ती माझ्याशी फक्त मीठ आणि पाणी एवढ्याच विषयांवर बोलली. मी खिडकीतून बाहेर पाहत बसे. धो धो पावसात इरले पांघरलेला कोणीतरी वाकून घोटाभर पाण्यातून जाताना दिसे, परत येताना दिसे. ह्या पावसात कोणाला एवढे काम असेल, असे मनात येई. इरल्याखाली माणूस ओळखू येत नाही.

तिसऱ्या दिवशी दुपारी पुढच्या दारावर थाप पडली. दारात तेच इरले, आणि आत आबा. गुडघ्यापर्यंत चिखल, फडक्यातली भाकरी छातीशी धरलेली. आवाज एकदम हळू.

"भाऊ, कोण हाय आजारी?"

"कोणी नाही."

"वहिनी?"

"ती आत आहे. माझ्यावर रागावली आहे."

"मंग एवढं मोठं लाल कशापायी लावलंय?"

मी म्हणालो, आम्ही काहीच लावलेले नाही. आबांनी माझ्याकडे तपासून पाहिले आणि समजावून सांगितले. घरात कोणी निजले असेल, न्हात असेल, दुखण्यात असेल, तर दारातून लाल चिंधी बाहेर काढायची. लाल असले की आत यायचे नाही, हाकही मारायची नाही. "चिंधी असती तर धा मिन्टं थांबलो असतो. तुमच्या दोनी दारांतनं दोन दोन हात लाल लोंबतंय. तीन दिस."

मी मधल्या खोलीत जाऊन पाहिले. बायकोचे लाल लुगडे सुकत नव्हते म्हणून मीच ह्या चौकटीपासून त्या चौकटीपर्यंत दोरी बांधून ते पूर्ण लांबीने पसरले होते. लुगडे अठरा हात, खोली चौदा हात. उरलेले चार हात मी दोन्हीकडे सारखे वाटून दारांच्या फटींतून पलीकडे सोडले होते.

"पण आबा," मी म्हणालो, "तुम्हाला आक्काकडे जायचं होतं. लुगडं बाजूला सारून यायचं."

"लाल व्हतं ना," ते म्हणाले.

बायको बाहेर आली. तिने त्यांचे चिखलाचे पाय पाहिले, मग मला पाहिले, आणि एका हिसक्याने लुगडे ओढून घेतले. "आता या आबा, इथूनच पुढे जा."

"हितनं कसं? गाडी रुळावर न्हाई," असे म्हणून आबा पुन्हा पावसात गेले, सातव्या घरात शिरले आणि मळवली, कामशेत करत उजव्या दारातून आले. त्यांच्या मागोमाग सगळी ओळच आली. तीन दिवस प्रत्येक घराने आमचे एकेक दुखणे ठरवून ठेवले होते. कामशेतने माझा हिवताप धरला होता, तळेगावने बायकोचे पोट. मळवलीने नारळ बोलला होता तो फोडायचाच म्हणे, कारण आम्ही बरे तर झालोच होतो. संध्याकाळपर्यंत मला चार प्रकारचे काढे प्यावे लागले. एकही दुखणे नव्हते हे मी पुन्हा पुन्हा सांगितले, त्यावर तळेगावच्या काकू बायकोला म्हणाल्या, "पुरुष कबूल करतात का कधी?" बायको हसली. सोळा वर्षांत ती परक्या बाईबरोबर माझ्यावर हसलेली मी प्रथमच पाहिली.

भाकरी घेऊन मी त्या दिवशी आबांबरोबर चिंचवडपर्यंत गेलो. आक्का म्हणाल्या, "आज येळंवर आलास. तीन दिस भाकर भिजकी हुती." आबा म्हणाले, "पाऊस हाय." लुगड्याचे त्यांनी सांगितले नाही.

आम्ही त्या घरात नऊ पावसाळे काढले. सहाव्या पावसाळ्याआधी आक्का गेल्या. आबांच्या चौदा फेऱ्या तशाच राहिल्या. पहिल्या घरात नवे बिऱ्हाड आले होते. त्यांच्या दारापर्यंत जाऊन ते घड्याळाची वेळ सांगत आणि परत फिरत. कशासाठी जाता, असे कोणी विचारले नाही. मीही नाही, आणि मला विचारायची सवय आहे. पुढे त्यांचा पाय उचलेना. एका आठवड्यात ते दारांच्या उंबऱ्यांना अडखळून पाच वेळा पडता पडता वाचले, आणि मग फेऱ्या आठावर आल्या, नंतर चारवर. ते आपल्या खोलीत बसून राहू लागले. आम्ही ओळीतल्या माणसांनी बसून ठरवले. नाणे मावळ भागातल्या त्यांच्या नातेवाइकांच्या लग्नाला आबांना दोन दिवस पाठवले आणि सुतार बोलावला.

परत आल्यावर त्यांनी पहिली फेरी केली. आमच्या खोलीच्या मध्यावर थांबून टेबलावर टकटक केले. "भाऊ, पाय सुदारलं बगा माझं. लगीन मानवलं."

"दिसतंय," मी म्हणालो. बायको आत गेली.

उंबरे सहा, प्रत्येकी तीन बोटे तासून कमी केले. दर उंबऱ्यास सहा आणे, एकूण दोन रुपये चार आणे. सगळ्यांनी मिळून सुताराला दिले, आणि कोणाला सांगू नकोस म्हणून वर एक चहा.