सटवानं विणलेली बाज

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला तर नाहीच — ज्या बाजेची ही गोष्ट, तिच्यावर बसून ती रोज भाजी निवडते.

निजामाच्या काळात मी सेलूच्या कचेरीत मुन्शी होतो. हवालातीची कागदं माझ्याकडं. गुन्हा शाबीत होईपर्यंत कोंडलेल्या माणसाला कामाला जुंपायचं नाही, हा कायदा मला तोंडपाठ होता — अख्ख्या कचेरीत मला एकट्यालाच. एकट्या माणसानं कायदा किती सांभाळायचा?

पेडगावचा सटवा बैल चोरल्याच्या आळापायी आत आला. अंबाडीच्या दोरीनं बाज विणण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. आधी कचेरीच्या साहेबांची बाज विणून झाली, मग पहाऱ्यावरच्या जमादाराची. जमादाराची आमच्या दारातून दिसायची. बायको म्हणाली, "तुमचं तिथं कुणी ऐकतंय तरी का?" दुसऱ्या दिवशी माझीही बाज विणायला कचेरीत आली.

ती निम्मी झाली आणि सटवाच्या सुटकेचा हुकूम आला. चोरीला गेलेला बैल आपल्या पायानं घरी परतला होता. हुकूम उर्दूत. सटवाला वाचता येत नव्हतं, जमादाराला वाचायची हौस नव्हती. मी तो घडी करून खिशात घातला. निम्मी बाज घरी कशी न्यायची?

सटवा रोज विचारायचा, "मुन्शीजी, माजं काई आलं का? सुकरवारी लेकीचं लगीन हाय."

"येईल. तू हात चालव." मग माझी मर्जी राखायला तो दोरी आणखीच घट्ट ओढायचा.

एकदा म्हणाला, बाजेचा पाय डुगडुगायलाय, खाली घालायला कागद द्या. मी खिशात हात घातला. आता — सांगूनच टाकतो. तोच कागद दिला. सटवानं आपल्याच हातानं आपली सुटका बाजेच्या पायाखाली सरकवली. आणि मला हसू आलं. लाज फार नंतर वाटली.

बाज रविवारी पुरी झाली. मी हुकूम झटकून साहेबांपुढं ठेवला. लेक सासरी गेली होती.

पुढच्या बाजारी सटवा घरी आला, फडक्यात लग्नातले लाडू बांधून. मुन्शीजींनी खटपट केली म्हणून सुटलो, असं तो गावभर सांगत होता. तो पाया पडला. मी पडू दिलं. लाडूही खाल्ले — चांगले झाले होते.

बाज अजून ढिली पडलेली नाही. मला तिच्यावर झोप लागते.