मुठीतले वाल

मला विमान चालवता येत होतं आणि नोकरी मिळत नव्हती. या दोन गोष्टी एकाच माणसाच्या बाबतीत खऱ्या असू शकतात, हे रोह्यात कुणाला पटत नसे. शेजारच्या काकू रोज अंगणात गाठायच्या. "अजून इमान नाय मिळाला?" जणू मी रेशनच्या रांगेत उभी आहे. वडिलांनी सगळी उमर धाटावच्या कंपनीत शिफ्टमध्ये काढलेली. लायसन आहे म्हणजे गाडी असणार, एवढंच त्यांना ठाऊक.

विमान कंपन्यांनी दाद दिली नाही, तेव्हा मी शिकवण्याचं लायसन काढलं. काकू म्हणाल्या, "म्हणजे मास्तरीणच ना? मग येवढ्या वर कशाला जायचं?" राग माझ्या नाकावरच बसलेला असतो, त्यामुळे मी दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाही. पण खरं सांगायचं तर मला शिकवायचंच होतं. पहिल्यांदा विमानात बसलेल्या माणसाच्या पायाखालची जमीन सुटते, तेव्हा त्याचा चेहरा लहान मुलासारखा होतो. तो चेहरा मला फार आवडतो. आयुष्यभर तो बघायचा आणि त्याचाच पगार घ्यायचा, यापेक्षा चांगली नोकरी मला सुचत नव्हती.

शेवटी घाटावरच्या एका फ्लाइंग स्कूलने बोलावलं. परीक्षा अशी की तिथले मुख्य प्रशिक्षक स्वतःच शिकाऊ होऊन डावीकडे बसणार आणि मी उजवीकडे बसून त्यांना शिकवणार. दोघांच्याही पुढ्यात सारखेच कंट्रोल असतात. त्यांनी मुद्दाम विमान कलतं केलं, मी सरळ केलं. उतरताना त्यांनी नाक जास्त वर घेतलं, मी लगेच खाली आणलं. विमान असं अलगद टेकलं, की मनातल्या मनात मी स्वतःची पाठ थोपटून घेतली.

खाली आल्यावर ते म्हणाले, "विमान छान उतरवलंत. पण मी काय शिकलो?"

मी नाक कसं खाली आणलं, ते सांगायला लागले.

"तुमचा हात थांबत नाही," ते म्हणाले. "पंधरा दिवसांनी परत या. तेव्हाही असंच झालं, तर मात्र ही नोकरी तुमची नाही."

रडवेली होऊन मी घरी आले. दुसऱ्या दिवशी काकूंना तोंड द्यायला नको म्हणून सकाळच्या एसटीने आईबरोबर पेणला गेले. तिथे रामवाडीत माझ्या मामाचा गणपतीचा कारखाना आहे. आई लग्नाआधीपासून तिथे डोळे आखते. अंगाचा रंग, पितांबर, दागिने यांना बाकीचे हात असतात, पण डोळ्यांची आखणी फक्त आईकडे. परदेशी जाणारे गणपती शिमग्याच्या आत तयार लागतात, म्हणून त्या दिवसांत तिला मान वर करायला फुरसत नसे.

त्या वर्षी मात्र आईच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं आणि बारीक रेघ तिला धड दिसेना. मामाची सून अष्टमी गावची. तीन वर्षं तिने नुसती नखं आणि पितांबर रंगवलेले. आईने त्या दिवशी तिला मूर्तीसमोर बसवलं, आपला बारीक ब्रश तिच्या हातात दिला आणि म्हणाली, "आख." मग मोड आलेल्या वालांचं पातेलं उचललं आणि दारात येऊन, सुनेकडे चक्क पाठ करून, बिरड्यासाठी वाल सोलायला बसली.

मी आत डोकावले.

"आई, तिचा हात हलतोय. जा ना आत."

"गप बस."

"चुकली तर?"

"चुकंल. पुसता येतं."

"मग निदान बघ तरी तिच्याकडे!"

"बघितलं की हात जातो," आई म्हणाली. "त्याला रिकामा ठेवायचा नाय गो. म्हणून तर वाल घेतले."

"आणि ती घाबरली, तर तुला कळणार कसं?"

"ऐक."

मी कान दिला. आतून पाण्याच्या डब्यावर ब्रश आपटल्याचा आवाज येत होता. टिंग. मग थोडा वेळ काही नाही. परत टिंग. नंतर लागोपाठ तीनदा. आईने मागे न बघताच आवाज दिला, "श्वास सोड, मग रेघ वढ." डबा गप्प झाला. बराच वेळ काहीच ऐकू येईना, तशी मीच श्वास धरून बसले.

मग आतून हाक आली, "आत्या, बघता का?"

आई उठून आत गेली. मी मागोमाग. डावा डोळा उजव्यापेक्षा किंचित मोठा झाला होता. आता आई ब्रश घेणार, असं मला वाटलं. आई चार पावलं मागे सरकली, मान तिरकी करून मूर्तीकडे बघत राहिली आणि म्हणाली, "बघतोय गो बाप्पा." एवढंच. मामाची सून पदर तोंडाला लावून रडायला लागली. माझ्याही डोळ्यांत पाणी आलं, ते मी रंगाच्या वासावर ढकललं.

रात्री जेवताना बिरड्यात सालं लागत होती. वडिलांनी दोन-तीन ताटाच्या कडेला काढून ठेवली आणि विचारलं, "आज सोलायला कोण बसला व्हता?" आईने त्यांना आणखी एक डाव बिरडं वाढलं.

पंधरा दिवसांनी मी परत त्या उजव्या सीटवर बसले. विमानात सुटी वस्तू चालत नाही, नाहीतर मुठीत वाल नेलेच असते. हात मांडीवर ठेवले. प्रशिक्षकांनी विमान कलतं केलं. माझी बोटं शिवशिवली. "डावा पंख बघा," मी म्हणाले. त्यांनी हळूहळू सरळ केला. उतरताना त्यांनी परत नाक वर घेतलं. बाहेरच्या वाऱ्याचा आवाज मंद होत चालल्याचं, म्हणजे वेग पडत चालल्याचं, मला ऐकू येत होतं. "नाक खाली." त्यांनी ऐकलं नाही. मी पुन्हा सांगितलं. आवाज आणखी पडला, तेव्हा "कंट्रोल माझ्याकडे" म्हणून मी विमान सावरलं आणि लगेच म्हणाले, "घ्या, आता तुमच्याकडे." उरलेलं त्यांनीच उतरवलं. जरा आदळलं. मी आदळू दिलं.

खाली आल्यावर ते म्हणाले, "एक तारखेपासून येता?"

घरी सांगितलं, तेव्हा वडिलांनी विचारलं, "शिफ्ट कुठली?"

"सकाळची."

"मग चांगली हाय." काच पुसायला म्हणून त्यांनी उगाच चष्मा काढला आणि डोळे पुसले. आईने माझ्या बॅगेत वालांची पिशवी कोंबली.

सहा महिन्यांनी माझी पहिली विद्यार्थिनी एकटी उडायला तयार झाली. आदल्या दिवशी मी आईला फोनवर सांगितलं आणि वालांना मोड आलेत का ते बघून घेतलं. सकाळी तिच्याबरोबर तीन फेऱ्या मारल्या, मग मी विमानातून उतरले, दार नीट लावलं आणि वालांचा डबा घेऊन दूर जाऊन उभी राहिले. तिचं विमान धावत गेलं आणि वर उचललं गेलं. माझी सीट रिकामी होती. तिकडे पाठ काही मला करता आली नाही. एक फेरी मारून ती खाली आली, चाकं टेकली, जरा उडाली, परत टेकली. विमान थांबताच मी धावत गेले.

विद्यार्थिनीला मिठी मारून झाल्यावर मी आईला फोन लावला.

"उतरली?"

"उतरली, आई."

"आणि वाल?"

मी हाताकडे बघितलं. "एकसुद्धा नाही सोलला गं. नुसते मुठीत धरून उभी होते."

पलीकडे आई हसायला लागली.

"अगो, मग त्या दिवशी बिरड्यात सालं कशी आली, असं वाटतं तुला?"