पाळण्याआधीचं पाणी

माझ्या डाव्या पायात माझी चप्पल आणि उजव्या पायात शेजाऱ्याची, हे पौडच्या पुढं गेल्यावर एस्टीत कळलं. तेही मला नाही, बायकोला. पिरंगुटला आमच्या भाड्याच्या खोलीबाहेर एकच पायरी होती आणि तिच्यावर दोन बिऱ्हाडांच्या चपला. अंधारात घाईनं पाय सरकवला, तो पहिल्या मिळेल त्या चपलेत गेला. बायको बराच वेळ माझ्या पायांकडं बघत होती. मग म्हणाली, "शेजारच्या भावजींचा एक पाय आणलात की. पहिल्या पाळीला ते काय घालून जातील?"

"माझी उजवी हाय ना तितं."

"ती त्यांना दोन बोटं मोठी हुईल," असं म्हणून ती खिडकीकडं वळली.

एवढं बोलली, याचंच मला बरं वाटलं. गेले आठ दिवस आम्ही दोघं कामापुरतं बोलत होतो. तिच्या गर्भपिशवीत गाठ निघाली होती. पुण्याच्या दवाखान्यात डॉक्टर म्हणाले होते, काढून बघितल्याशिवाय कसली ते सांगता येणार नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी ऑपरेशन होतं आणि आज दुपारी एकच्या आत भरती व्हायचं होतं. एक वाजला की खाट दुसऱ्याला आणि आमचा नंबर दीड महिन्यानं. दीड महिन्यात गाठीचं काय होतं, हे विचारायची माझी हिंमत झाली नव्हती.

पोरांना मुठ्याला तिच्या माहेरी सोडून आलो, तेव्हा परतीच्या वाटेत ती म्हणाली होती, "दवाखान्यात जायच्या आदी एकदा मला पाळण्यात बसवा."

पाळण्याची गोष्ट अकरा वर्षं जुनी. लग्नानंतरच्या पहिल्या जत्रेत तिनं पाळणा बघितला आणि मी म्हणालो, पुढच्या साली बसू. पुढच्या साली तिला दिवस गेले होते. त्याच्या पुढच्या साली मांडीवर पोरगा होता. मग मला सुट्टी मिळाली नाही, मग पोरगी झाली, मग ओव्हरटाइम निघाला. एकदा तर मोकळे होतो, पण सगळी भावकी समोर बसलेली. नवराबायको एका पाळण्यात बसून वरखाली करताहेत, हे भावकीला दिसेल म्हणून मीच लाजलो. दर साली मी तेच सांगायचो, पुढच्या साली. हे दोन शब्द मी इतके वापरले होते, की आमच्या घरात त्यांचा अर्थ 'नाही' असाच झाला होता. गेल्या साली वडील गेले, सुतकात कसली जत्रा. आणि औंदा ही गाठ.

म्हणून मी बेत आखला. कारखान्यात माल पाठवायचं वेळापत्रक करणारा माणूस मी, बेत चोख होता. जत्रेच्या दिवशी पहिल्या एस्टीनं, म्हणजे सहाला गावात. भावकी जागी होऊन बाहेर पडायच्या आत पाळणा. देवाला लांबून हात जोडायचे आणि साडेदहाच्या एस्टीनं थेट पुणं. घरी जायचंच नाही. घरी गेलं की आई जेवल्याशिवाय सोडणार नाही, तोंड बघूनच विचारील, आणि ऑपरेशन म्हटलं की रडून घर डोक्यावर घेईल. थोरल्या दादानं एका ट्रकवाल्याबरोबर निरोप पाठवला होता, 'जत्रंला नक्की ये, लवकर ये.' दर सालचं बोलावणं, म्हणून मी तो ऐकून सोडून दिला होता.

सहाला आम्ही माळावर होतो. पाळणा उभा होता. त्या साली पहिल्यांदाच इंजिनावर फिरणारा मोठा पाळणा आला होता, तीनमजली घराएवढा उंच. मालक नगरकडचा. तो इंजिनाशेजारी उकिडवा बसून मशेरी लावत होता आणि त्याची बायको तीन दगडांवर चहा उकळत होती.

"आमी दोघंच हाय," मी म्हणालो. "एक चक्कर मारली की जातो."

त्यानं थुंकून तोंड मोकळं केलं. "देवाची आंघोळ व्हायचीय अजून. तवर पाळणा न्हाई, भोंगा न्हाई, दुकान न्हाई. तुमच्याच गावाचा नेम हाय. पंचांनी मला दोनदा बजावलंय."

नेम मला माहीत होता. आंघोळ साताला होते, हेही माहीत होतं. म्हटलं, तासाभराचा तर प्रश्न. पाळण्यामागं एक कनात होती, तिच्या आडोशाला आम्ही बसलो. तिनं फडक्यातली भाकरी आणि लसणाची चटणी काढली. दवाखान्याची पिशवी तिनं मांडीवरून खाली ठेवली नाही. त्यात दोन पातळं, तांब्या, डॉक्टरचे कागद आणि पोरीची एक झबल्याएवढी जुनी बंडी होती. ती कशाला, हे मी विचारलं नाही.

"लई उंच हाय," ती मान वर करून म्हणाली. "वरनं मुठ्याकडचा डोंगर दिसत असंल."

"दिसंल की."

लग्नानंतर आम्ही दोघंच असे कुठं बसलो नव्हतो. काहीतरी बोलावं म्हणून मी बरंच आठवून पाहिलं, आणि शेवटी चटणीत मीठ बरोबर आहे म्हणालो.

सात वाजले. साडेसात झाले. देवळाची घंटा वाजेना. मालक इंजिन पुसत बसला, मग पुसायचं राहिलं नाही म्हणून नुसताच बसला. फुगेवाले, रेवडीवाले ताडपत्र्या न सोडता देवळाकडं बघत उभे. आठ वाजले. माझ्या हातावर घड्याळ होतं आणि ते काढून कनातीवरून फेकून द्यावं असं मला वाटायला लागलं. बायको एकदाही वेळ विचारत नव्हती. ती पाळण्याच्या वरच्या टोकाकडं बघत होती, आणि ते मला सर्वांत जास्त लागत होतं.

साडेआठला मी उठलो. डोक्या-तोंडाला टॉवेल गुंडाळला आणि मागच्या अंगानं देवळात गेलो. गुरव म्हातारे, नजर अधू. ते गंध उगाळत बसले होते.

आवाज जरा बदलून मी म्हणालो, "बाबा, आंघोळ कवा हुनार?"

"पानी आलं की."

"पानी कुनाकडं हाय औंदा?"

"खालच्या आळीला. धाकट्याची पाळी हाय. त्यो पिरंगुटला कारखान्यात असतो." गुरवांनी सहाणेवरून हात उचलला. "आला न्हाई अजून. त्याचा भाऊ घागर घासून सकाळधरनं रस्त्याला डोळं लावून बसलाय. पोरं नोकरीला लागली की देवाला बी वाट बघाया लावत्यात."

खालच्या आळीत पिरंगुटला कारखान्यात जाणारा धाकटा एकच होता, आणि तो टॉवेलात होता.

देवाच्या आंघोळीचं नदीचं पाणी आणायचा मान वडील थकल्यापासून आम्हा तीन भावांच्या घरात फिरतो. गेल्या साली माझी पाळी होती, पण वडिलांचं सुतक पडलं म्हणून गुरवांनीच पाणी आणलं. माझा हिशेब असा, की पाळी गेली, औंदा थोरल्या दादाची.

"पन धाकट्याची गेल्या साली हुती ना?" मी तरीही म्हणालो.

"सुतकात पाळी बुडती व्हय? पुढं सरकती." मग ते डोळे बारीक करून माझ्या टॉवेलाकडं बघायला लागले, तसा मी निघालो.

म्हणजे पाळणा देवासाठी खोळंबलेला, देव पाण्यासाठी, पाणी माझ्यासाठी, आणि मी पाळण्यासाठी. सकाळी सहापासून अख्खी जत्रा मीच अडवून धरली होती, कनातीमागं भाकरी खात.

बायकोला सांगितलं. मला वाटलं, हसेल. ती हसली नाही. तिचा चेहरा उतरला आणि ती हळूच म्हणाली, "देवाला उशीर झाला आपल्यापायी. आजच्या दिवशी."

तिच्या मनात काय आलं ते मला समजलं, कारण माझ्याही मनात तेच आलं होतं.

"एस्टी साडेधाला हाय," मी म्हणालो.

"एस्टी मी बघते. तुमी पानी आना."

घरी पळत गेलो. ओट्यावर दादा, शेजारी लखलखीत तांब्याची घागर. तो ओरडला असता तर सोपं गेलं असतं. त्यानं मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि नजर पायांशी थांबली.

"यातली एक कुनाची?"

"शेजाऱ्याची."

"एस्टी बंद पडली का?"

"व्हय," मी खोटं बोललो.

"आन् ती कुटं हाय?"

"देवळाकडं."

आतून आईनं विचारलं, आला का. मी उत्तर द्यायच्या आत दादानं माझ्या अंगावर धोतर टाकलं. सव्वानऊ झाले होते.

या पाण्याचे नेम कडक. नदीत बुडी मारायची, घागर भरायची, ओल्या धोतरानं अनवाणी खांद्यावरून आणायची. वाटेत खाली टेकवायची नाही आणि देवाच्या अंगावर पडून नैवेद्य दाखवेपर्यंत कुणाशी अक्षर बोलायचं नाही. पुढं हलगी, मागं भाऊ. चढ दमवणारा. वडिलांना मी पाहिलं होतं, ते असे संथ यायचे की घागर स्वतःच चालतेय असं वाटे. मी जवळजवळ धावत होतो. पाणी हिंदकळून मानेवर येत होतं, खडे टोचत होते, आणि हलगीवाला मागं वळून बघत आपला ठेका वाढवत होता.

"हळू," मागून दादा म्हणाला. "देवाचं पानी हाय, आगीचं न्हाई."

मला त्याला सांगायचं होतं, आगीचंच आहे. बोलता येत नव्हतं. मनातल्या मनात मात्र मी सारखा देवाशी बोलत होतो, ते नेमात बसतं की नाही ठाऊक नाही. म्हणत होतो, उशीर मी केला. हिशेब माझा चुकला. तोंडाला टॉवेल मी बांधला. जो काय राग असेल तो माझ्यावर काढ, हातपाय मोड, नोकरी घालव. तिच्यावर काढू नको. ती अकरा वर्षं काही मागत नव्हती. एवढं एकच मागितलं, तेही मला धड जमलं नाही.

माळावरून जाताना ती कनातीच्या कोपऱ्याशी उभी दिसली, पिशवी छातीशी धरून. तिनं लोकांसारखेच पाण्याला हात जोडले.

देवाच्या अंगावर पाणी पडलं, घंटा वाजली, आणि क्षणात माळावर इंजिन फटफटायला लागलं. दहा वाजून दहा मिनिटं. नैवेद्य अजून यायचा होता. तोवर मला पायरीवर तसंच ओलं, मुकं उभं राहायचं होतं. दादा शेजारी. मी मान वळवून पाळण्याकडं बघत होतो आणि बेताचं शेवटचं चाकही निखळलेलं बघत होतो. दोघांनी बसायचं होतं. एवढंच तर ठरलं होतं.

पाळण्याची पहिली चक्कर गिऱ्हाइकाला द्यायची नाही, मालकाच्या बायकोनं बसायचं, अशी त्या धंद्यात रीत असावी. ती बसली. आणि तिच्या शेजारी, पिशवी तशीच छातीशी धरून, माझी बायको. समोरच्या पाळण्यात तोल राखायला वाळूची दोन पोती चढवली होती. तिनं मालकाच्या बायकोला काय सांगितलं, ते मला अजून माहीत नाही.

पाळणा हलला. दोन फेऱ्या झाल्या आणि तिसरीला मालकानं त्यांचा पाळणा वर थांबवला. ती माझ्याकडं बघत नव्हती. दक्षिणेला, मुठ्याच्या बाजूला बघत होती. बराच वेळ. मग ती वळली, देवळाकडं नजर आली, माझ्या शेजारी थोरले दीर उभे दिसले, आणि त्या उंचीवर, त्या वाऱ्यात, तिनं एका हातानं पदर डोक्यावर ओढला.

"ती आपली का रं, वर?" दादानं विचारलं.

मी नुसती मान हलवली. त्यानं पुन्हा वर बघितलं, मग माझ्या तोंडाकडं बघितलं.

नैवेद्य दाखवला तेव्हा रस्त्याच्या वळणावर एस्टीचा धुरळा दिसत होता. दादा म्हणाला, "चला, जेवाया चला." मी म्हणालो, "दादा, उद्या तिचं ऑपरेशन हाय. एकच्या आत पोचायचंय." सकाळपासून खरं बोललेली माझी ती पहिली वाक्यं.

दादा अंगरख्याच्या बाह्या सावरत रस्त्यापर्यंत गेला आणि दोन्ही हात पसरून एस्टीच्या समोर उभा राहिला. कंडक्टर शिव्या देत होता. ड्रायव्हर भोंगा वाजवत होता. ती पाळण्यातून उतरून, पिशवी सांभाळत, मालकाच्या बायकोचा हात धरून धावत येईपर्यंत तो हलला नाही. मी ओल्या धोतरातच चढलो. माझे कपडे दादाच्या ओट्यावर राहिले, चपलांचा तो बेजोड जोडही तिथंच.

ती खिडकीशी बसली. मी शेजारी, पाण्यानं बाक भिजवत. तिचे हात थंड पडले होते. पौड गेलं. पिरंगुट आलं, आमची खोली मागं गेली. उशिराचा राग देवानं काढला तर, हेच माझ्या डोक्यात फिरत होतं, आणि तिच्या डोक्यात काय आहे हे विचारायची भीती वाटत होती.

पुणं दिसायला लागलं तेव्हा ती म्हणाली, "डोंगर दिसला. पोरं न्हाई दिसत, ते मला ठावं हुतं. पन डोंगर दिसला."

मी मान हलवली. बोलायला आता बंदी नव्हती, पण सवय लागली होती.

"वरनं तुमच्या डोक्यावर मधी केस न्हाईत, ते बी दिसलं."

थोड्या वेळानं तिनं माझ्या अनवाणी पायांकडं बघितलं, पिशवी मांडीवरून काढून आमच्या दोघांच्या मधे ठेवली आणि म्हणाली, "पुढच्या साली पानी थोरल्या भावजींच्या घरचं. तुमी मोकळे. तवा बसू आपुन दोघं."